दोर कुणी बघितला?



आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एक ताई येतात. दिवसभर विड्या वळतात. दिवे लागले की पाटी घेऊन बसतात. एका संध्याकाळी त्यांनी घडी घातलेला एक कागद आमच्यापुढे ठेवला. मुलीच्या शाळेतून आलेला तो कागद होता. त्यात लिहिले होते : "शाळेची सहल जाणार आहे. सहलीत दोर बांधून भिंतीवर चढण्याचा खेळ आहे. आपल्या पाल्याने त्यात भाग घ्यावा, यास आपली संमती असल्यास खाली सही करावी."

ताईंनी तो कागद अक्षर अक्षर लावून स्वतःच वाचला होता. सहीसुद्धा त्यांना आता येते. अडचण निराळी होती.

त्या म्हणाल्या, "गुर्जी, सही करू काय? भिंतीवर चढायचं, हा काय खेळ झाला? पोरगी पडली म्हणजे?"

'करा' म्हणणे सोपे होते. 'करू नका' म्हणणे त्याहून सोपे होते. पण आम्हांला आमचीच एक जुनी चूक आठवली, आणि आम्ही गप्प बसलो. ती चूक पुढे सांगूच. आधी हा खेळ काय आहे, ते पाहू.

सपाट गावातला कडा

आपले सोलापूर सपाट मुलखात आहे. डोंगर नाही, कडा नाही. आपला किल्लासुद्धा भुईकोट. तानाजी मालुसरे १६७० साली मावळ्यांसह दोरावरून सिंहगड चढले, ही गोष्ट आपली मुले पुस्तकात वाचतात. पण कडा कसा असतो, हे त्यांना हाताने कळत नाही.

ज्यांच्या गावात कडा नाही, त्यांच्यासाठी माणसाने भिंतीचाच कडा केला. इंग्लंडात लीड्स नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात डॉन रॉबिन्सन हे शारीरिक शिक्षण शिकवीत. १९६४ साली त्यांनी विद्यापीठातल्या एका बोळाच्या विटांच्या भिंतीत दगड बसवले. बाहेर पाऊस असो की बर्फ, मुले आत चढायला शिकू लागली. पुढे अशा भिंती जगभर झाल्या.

आजची भिंत कशी असते? मागे लोखंडी सांगाडा असतो. त्याच्यावर जाड प्लायवूडच्या फळ्या असतात. फळ्यांना ओळीने भोके असतात. त्या भोकांत बोल्टने रंगीत गोळे आवळलेले असतात. कुणी बटाट्याएवढा, कुणी भाकरीएवढा. त्यांना आपण 'पकडी' म्हणू. हाताने धरायच्या त्याच, पायाने दाबायच्याही त्याच. पकडी सोडवून दुसरीकडे लावल्या की वाट बदलते. लाल पकडींची वाट सोपी, निळ्यांची अवघड, असेही ठरवता येते.

हा आता जगाचा खेळ झाला आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली तो पहिल्यांदा आला. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पोलंडची अलेक्झांड्रा मिरोस्लाव ही १५ मीटरांची भिंत ६.१० सेकंदांत चढली आणि तिने सुवर्णपदक घेतले. १५ मीटर म्हणजे जवळजवळ पाच मजले! आपल्या महाराष्ट्रातही २०१६ साली नवी मुंबईत या खेळाची जागतिक करंडक स्पर्धा झाली. गिरिविहार या मुंबईच्या जुन्या गिर्यारोहण संस्थेने ती भरवली होती. त्या स्पर्धेतल्या भिंती बुटक्या होत्या. त्यांना दोर नव्हता, खाली जाड गाद्या होत्या. हा या खेळाचा दुसरा प्रकार. तो ध्यानात ठेवा. घराचा विचार करताना कामाला येईल.

आपला दोर आणि हा दोर

दोरावर चढणे आपल्याला नवे नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा रूढ केली. लाकडी खांबानंतर वेताचा मल्लखांब आला, आणि वेताची जागा पुढे सुती दोराने घेतली. आज मुली दोराच्या मल्लखांबावर अशी आसने करतात, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर झाली.

मग भिंतीचा दोर वेगळा कसा? मल्लखांबात दोर हाच खेळ आहे. त्याला पायाच्या बोटांत धरायचे, कमरेला वेढायचे, त्याच्यावर तोलून राहायचे. भिंतीवर चढताना मात्र दोराला हातसुद्धा लावायचा नसतो. चढायचे आपल्या हातापायांनी. दोर असतो तो हात सुटला तर झेलण्यासाठी.

तो झेलतो कसा? आडावरून पाणी शेंदणे आठवा. वर चाक असते. दोराच्या एका टोकाला घागर, दुसरे टोक बाईच्या हातात. भिंतीचे तसेच आहे. भिंतीच्या माथ्यावर पक्का आधार असतो. दोर त्यातून ओवलेला असतो. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेले. दुसरे टोक खाली उभ्या असलेल्या सोबत्याकडे. म्हणजे चढणारा ही घागर झाली, आणि खालचा सोबती शेंदणारी बाई झाला.

फरक एवढाच, की सोबती चढणाऱ्याला वर ओढत नाही. चढणारा वर गेला की दोर सैल पडतो. तेवढाच सैल भाग सोबती ओढून घेतो. दोर त्याच्या पट्ट्याला लावलेल्या एका धातूच्या साधनातून जातो. त्या साधनात दोर वळला की घासतो, अडतो. त्यामुळे थोड्या जोराने मोठे वजन थोपवता येते. पण एक नियम आहे. सोबत्याचा खालचा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. माशी बसली तरी नाही, कुणी हाक मारली तरी नाही. घागर भरून वर येत असताना बाई दोर सोडते काय? तसेच हे.

एक हिशेब करून पाहा. भिंत १० मीटर उंच आहे. दोर किती लांब हवा? १० मीटर म्हणाल तर फसाल. दोर वर जातो १० मीटर आणि खाली येतो १० मीटर. झाले २० मीटर. दोन्हीकडे बांधायला आणखी काही मीटर हवे. दोर आखूड पडला, तर चढणाऱ्याला खाली सोडताना टोक सोबत्याच्या हातून निसटते. म्हणून मोकळ्या टोकालाही गाठ मारून ठेवतात.

हा दोर सुती नसतो. नायलॉनचा असतो. आपण सोलापूरकर सुताची माणसे, आपल्याला हे लवकर समजेल. त्याच्या आत तंतूंचा गाभा असतो आणि बाहेर विणलेली खोळ असते. ताकद मुख्यतः गाभ्यात. खोळ गाभ्याला घासापासून जपते. हा दोर ओढ बसली की थोडा ताणतो, आणि ते मुद्दाम केलेले असते. बिगारी खालून वीट फेकतो तेव्हा गवंडी ती कशी झेलतो? हात थोडे मागे घेऊन. हात ताठ ठेवले तर मार बसतो. दोरही तसाच थोडा मागे येऊन माणसाला झेलतो. बाजारातला सामान बांधायचा निळा-पिवळा दोर या कामाचा नाही. तो दिसायला जाड असला तरी त्याच्यावर माणूस टांगू नये.

आमची चूक

आता ती जुनी गोष्ट. आम्ही एका शाळेत मुख्याध्यापक होतो. मुलांचे दंड भरावेत, छाती रुंदावी, म्हणून आम्ही ओसरीच्या तुळईला एक दोर बांधवला. विहिरीवरचाच होता. चांगला मनगटाएवढा जाड. मुले माकडासारखी चढत आणि आम्ही कौतुकाने बघत असू.

दोन पावसाळे गेले. एके दिवशी चौथीतला एक मुलगा वर चढला, आणि दोर तुटला. मुलगा खाली फरशीवर आला. जीव वाचला, पण हात मोडला.

आम्ही तुटलेला दोर हातात घेतला. खालचा सगळा दोर धडधाकट होता. तुटला होता तो वर, तुळईच्या कडेशी. तिथे तो रोज घासत होता. आमची नजर रोज दोराच्या खालच्या टोकावर, कारण मुले तिथे असत. वर शिडी लावून कुणी बघितलेच नव्हते.

मुलाची आई आली. रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "गुर्जी, दोर कुणी बघितला हुता?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. शिपायाला वाटले, मास्तर बघतात. मास्तरांना वाटले, मुख्याध्यापक बघतात. आम्हांला वाटले, शिपाई बघतो. सगळ्यांचा दोर होता, म्हणून तो कुणाचाच नव्हता.

आणि मग आम्ही दुसरी चूक केली. दोर काढून टाकला आणि चढण्याचा खेळच बंद केला. मुलांनी काय केले? ती चिंचेवर चढू लागली, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढू लागली. चढणे हा मुलांचा स्वभावच आहे. आम्ही धोका बंद केला नाही, फक्त आमच्या नजरेआड केला. पहिली चूक न बघण्याची होती. दुसरीही न बघण्याचीच होती.

बघायचे काय?

म्हणून ताईंना आम्ही नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणालो नाही. काय विचारायचे आणि काय बघायचे, ते सांगितले. तेच इथे देतो.

पहिले, पट्टा. इंग्रजीत त्याला हार्नेस म्हणतात. तो कमरेला आणि दोन्ही मांड्यांना बसतो. तो कमरेच्या हाडांच्या वर घट्ट हवा, ओढला तरी खाली उतरता कामा नये. अगदी लहान मुलांची कंबर बारीक असते, त्यांना छातीपर्यंतचा पूर्ण पट्टा लागतो. पट्ट्याची बक्कले नीट लावलेली हवीत.

दुसरे, गाठ. दोर पट्ट्याला बांधताना इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दुहेरी गाठ मारतात. ती बघून ओळखता येते, हाच तिचा गुण. दोन दोर शेजारी शेजारी सारखे वळलेले दिसले तर गाठ बरोबर. काही ठिकाणी गाठीऐवजी कुलूपवाली कडी असते. तिचे कुलूप फिरवून बंद केले आहे ना, ते दाबून बघावे.

तिसरे, खालचा सोबती. तो शिकलेला आहे काय? एका वेळी एकाच मुलाचा दोर धरतो ना? धरता धरता मोबाईलवर बोलत नाही ना? मूल लहान असेल तर दोर मोठ्या माणसाच्याच हाती हवा.

चौथे, दोर. त्याला हातातून हळूहळू सरकवत बघतात. सगळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे खोळ फाटली, आतला गाभा दिसू लागला, कुठे दोर मऊ होऊन चपटा पडला, कुठे कडक झाला, तर तो बाद. उन्हात वर्षानुवर्षे पडलेला दोर बाद. बॅटरीचे आम्ल लागलेला दोर वरून चांगला दिसला तरी बाद. दोरावर पाय देऊ नये. खडे आत शिरतात आणि आतून कापतात.

पाचवे, वही. आणि इथे आपल्या अक्षरांचे काम येते. चांगल्या जागी दोराची वही असते. दोर कधी घेतला, कधी तपासला, कुणी तपासला, हे तारीख घालून लिहिलेले असते आणि खाली सही असते. पट्ट्यावरही शिवलेली चिठ्ठी असते. तिच्यावर तो कोणत्या साली बनवला ते छापलेले असते. जिथे वही नाही, तिथे आमच्यासारखेच चालले आहे असे समजा. शिपाई मास्तरांकडे बघतो आणि मास्तर शिपायाकडे.

कुणी म्हणेल, आम्हांला सारे येते, रोज रोज काय तपासायचे? त्यांच्यासाठी एक खरी गोष्ट. अमेरिकेची लिन हिल ही जगातल्या उत्तम चढणाऱ्यांपैकी एक. १९८९ साली फ्रान्समध्ये एका कड्यावर चढण्यापूर्वी तिने गाठ मारायला घेतली. मध्येच लक्ष दुसरीकडे गेले. गाठ अर्धीच राहिली. ती वर पोहोचली, खाली येण्यासाठी दोरावर भार टाकला, आणि वीस मीटरांहून अधिक खाली कोसळली. झाडात अडकली म्हणून वाचली. पुढे १९९३ साली तिने अमेरिकेतला एल कॅपिटन हा प्रचंड कडा नोज नावाच्या वाटेने, दोराला न ओढता, केवळ हातापायांच्या बळावर चढून दाखवला. तसे चढणारी ती पहिलीच. म्हणजे विद्या कमी नव्हती. गाठ बघायची राहिली, एवढेच.

म्हणून या खेळात रीत आहे. चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचा पट्टा, एकमेकांची गाठ हात लावून बघायची. मग विचारायचे, "तयार?" समोरून "तयार" आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. काही ठिकाणी आता सोबत्याऐवजी वर यंत्र असते. ते दोर आपोआप ओढून घेते. पण त्याची कडी पट्ट्याला लावायला माणूसच विसरला, तर यंत्र काय करणार?

शाळेत आणि घरात

शाळेला भिंत करायची असेल तर उंचीपासून सुरुवात नको. आधी आडवी भिंत करावी. पकडी जमिनीलगत लावाव्या. मुलांनी वर न जाता डावीकडून उजवीकडे सरकत जावे. पाय जमिनीपासून कमरेएवढेही वर नसतात. खाली गादी असते, दोर लागत नाही, आणि दहा मुले एका वेळी खेळतात. दोराची उंच भिंत करायची, तर ती जाणत्या इंजिनिअरकडून, आणि दोर धरणारा शिकवलेला माणूस नेमूनच. दोरासाठी पैसे आहेत आणि माणसासाठी नाहीत, अशा शाळेने दोर घेऊ नये.

घरात दोराची भिंत नकोच, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या घरांच्या भिंती जुन्या, कुठे मातीच्या, कुठे पोकळ विटांच्या. मूल २५ किलोचे असले तरी पडताना त्याची ओढ कितीतरी जास्त बसते. पंख्याच्या हुकाला तर मूल कधीही टांगू नये. लोंबता दोर, ओढणी, साडीचा फास घरात सोडू नये. गळ्यात अडकून मुले दगावतात. घरी हौस असेल तर बुटकी फळी, चार पकडी आणि खाली जाड गादी पुरे. चढण्यापूर्वी अंगठ्या आणि बांगड्या काढाव्यात, केस घट्ट बांधावेत.

या खेळातली एक गोष्ट मोठ्यांनीही घेण्यासारखी आहे. दोन पाय आणि दोन हात, यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत. एका वेळी एकच हलवावा. जोर पायांवर द्यावा, हात फक्त तोल सांभाळायला. आपल्यातले पुष्कळ लोक परांचीवर काम करतात, रंग देतात, विहिरीत उतरतात, शिडीवर चढतात. त्यांनाही हाच नियम. आणि तोच प्रश्न : दोर कुणी बघितला? मुकादमाने दिलेला पट्टा अंगावर घालण्यापूर्वी स्वतः बघा. लाजू नका. बघणारा भित्रा नसतो.

सही

ताईंनी त्या रात्री कागदावर सही केली नाही. दुसऱ्या दिवशी विड्यांचे काम अर्धे ठेवून त्या शाळेत गेल्या. त्यांनी बाईंना विचारले : दोर कोण धरणार? लहान मुलांचा पट्टा आहे काय? दोर तपासल्याची वही आहे काय? बाईंना सगळे ठाऊक नव्हते. त्यांनी खेळघराला फोन करून विचारले. उत्तरे आली, ती ताईंना लिहून दिली. ताईंनी ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. एका ठिकाणी अडखळल्या, पण वाचली.

मग त्यांनी आमच्यासमोर सही केली. हळू, एकेक अक्षर टेकवत.

मुलगी सहलीहून आली. भिंतीच्या अर्ध्यापर्यंतच चढली म्हणे. भीती वाटली, तेव्हा खालून दोर धरणाऱ्या दादाने हळूच उतरवले. पुन्हा जायचे म्हणते.

त्या मुलाची आई आमच्यापुढे उभी होती, तेव्हा तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आता त्या प्रश्नाचे उत्तर वहीत असते. ते वाचायचे असते. वाचता येत असेल, तर मागून घेऊन वाचा. नसेल तिथे वही ठेवायला लावा. अंगठा उठवण्यात आणि सही करण्यात फरक आहे तो हाच. सही करणारा आधी बघतो.

विचार करा आणि लिहा

१. भिंतीवर चढताना दोराला हात का लावायचा नाही?

२. भिंत ८ मीटर उंच आहे. दोर निदान किती मीटर हवा? का?

३. मुख्याध्यापकांनी दोन चुका केल्या. कोणत्या?

४. तुमच्या कामात दोर, शिडी, परांची किंवा पट्टा लागतो काय? तो शेवटचा कुणी आणि कधी तपासला, ते विचारा आणि तारीख घालून वहीत लिहा.